मीठ चादरीचा रंग ‘लॉक’ करत नाही

सोलापुरी चादर विकत घेतली की चार दिवसांत कुणी ना कुणी तो मेसेज पाठवतंच. मजकूर थोडाफार बदलतो, मुद्दे तेच. नवी चादर धुण्याआधी बादलीभर पाण्यात दोन मुठी मीठ, अर्धी वाटी व्हिनेगर, चमचाभर खाण्याचा सोडा आणि तुरटीचा खडा टाकून रात्रभर भिजवा. मिठात आयनिक बंध असतो आणि तो सगळ्यात मजबूत, त्यामुळे रंग धाग्याशी कायमचा ‘लॉक’ होतो. फेस आला की रंग मुरतोय समजा, सकाळी पाणी स्वच्छ दिसलं की काम झालं. एवढं करूनही रंग गेला तर चादर नकली, केमिकल रंगाची. खाली हात जोडल्याची चित्रं आणि ‘सगळ्यांना पाठवा’.

यातली एक गोष्ट खरी आहे: सकाळी पाणी बऱ्यापैकी स्वच्छ दिसतं. पण त्याचं कारण मेसेज सांगतो त्याच्या उलट आहे. मीठ रंग बांधत नाही. जो रंग बांधला गेलेला नाही, तो मीठ तात्पुरता झाकून ठेवतं. आता एकेक दावा घेऊ.

दावा: मिठातला आयनिक बंध सगळ्यात मजबूत

मेसेजचा सगळा डोलारा या वाक्यावर उभा आहे. मिठाच्या स्फटिकात सोडियमचे धन आयन आणि क्लोराइडचे ऋण आयन एकाआड एक रचलेले असतात. ही रचना मोडून सगळे आयन सुटे करायला मोलमागे (मोल हे रसायनशास्त्रात कण मोजायचं माप) सुमारे ७८७ किलोज्यूल लागतात, म्हणूनच मीठ ८०१ अंश सेल्सिअसला जाऊन वितळतं. उलट, चांगल्या रंगाचा कापसाशी जो सहसंयुज बंध होतो, त्यातली कार्बन-ऑक्सिजन जोडी तोडायला साधारण ३६० किलोज्यूल पुरतात. हे दोन आकडे शेजारी ठेवले तर मेसेज लिहिणारा जिंकल्यासारखा वाटेल.

फक्त, ७८७ हा आकडा कोरड्या स्फटिकाचा आहे आणि चादर पाण्यात धुतात. पाण्याच्या रेणूंची ऑक्सिजनकडची टोकं सोडियमला घेरतात, हायड्रोजनकडची क्लोराइडला, आणि या घेरण्यातून जवळजवळ तेवढीच ऊर्जा परत मिळते. हिशेबात फरक उरतो तो मोलमागे चारेक किलोज्यूलचा. म्हणून भट्टीला दाद न देणारं मीठ नळाच्या पाण्यात चमचा फिरवेपर्यंत विरघळतं, तेही लिटरला साडेतीनशे ग्रॅमपर्यंत. सहसंयुज बंधात दोन अणूंनी इलेक्ट्रॉनची जोडी वाटून घेतलेली असते. पाणी नुसतं शेजारी आल्याने ती सुटत नाही, त्यासाठी रासायनिक अभिक्रियाच व्हावी लागते. साखर हे त्याचं रोजचं उदाहरण: पाण्यात ती विरघळते तेव्हा रेणू एकमेकांपासून सुटे होतात, पण रेणूच्या आतला एकही सहसंयुज बंध तुटत नाही.

आणि मुळात मिठातला बंध सोडियम आणि क्लोराइड यांच्यातला. मीठ विरघळलं की तो संपला. त्या व्यवहारात रंगही नव्हता आणि धागाही नव्हता.

दावा: मीठ रंगाला धाग्याशी कायमचं जखडतं

इथे जरा थांबावं लागेल, कारण रंगाईत मीठ वापरतात हे खरं आहे आणि बहुधा तिथूनच ही गोष्ट बाहेर पडली असावी. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या कुठल्याही डाइंगमध्ये गेलात तर मिठाची किंवा ग्लॉबर सॉल्टची (सोडियम सल्फेट) पोती थप्पी लावून ठेवलेली दिसतील. ते पोतं कशासाठी असतं ते कळलं की बादलीतल्या दोन मुठींचं काय होतं तेही कळतं.

कापूस म्हणजे सेल्युलोज. ग्लुकोजच्या हजारो कड्यांची साखळी, आणि दर कडीवर तीन हायड्रॉक्सिल गट. या साखळीवर रंग टिकण्याच्या तऱ्हा मोजक्याच.

पहिली तऱ्हा डायरेक्ट रंगांची. रेणू लांब आणि चपटा, तो साखळीच्या अंगाला लागून आडवा पडतो आणि हायड्रोजन बंधांनी व व्हॅन डर वाल्स बलांनी चिकटून राहतो. एकेक हायड्रोजन बंध २० किलोज्यूलच्या आसपासचा, म्हणजे सहसंयुज बंधाच्या अठराव्या हिश्शाइतका. माळावरून चालताना धोतराला कुसळं चिकटतात तसं हे चिकटणं आहे: एकेक कुसळ सहज निघतं, शंभर एकदम निघत नाहीत. पण गरम साबणाच्या पाण्यात रेणूंची हालचाल वाढते, पाणी स्वतःचे हायड्रोजन बंध पुढे करतं आणि रंग हळूहळू सुटतो. १८८४ मधला काँगो रेड हा या घराण्यातला पहिला. स्वस्त मालात डायरेक्ट रंग अजूनही येतात.

दुसरी तऱ्हा रिअ‍ॅक्टिव्ह रंगांची. १९५६ मध्ये इंग्लंडच्या आयसीआय कंपनीने ‘प्रोसिऑन’ नावाने हे रंग बाजारात आणले आणि कापसाशी प्रत्यक्ष सहसंयुज बंध करणारा रंग पहिल्यांदा कारखान्यात वापरता आला. या रेणूच्या एका टोकाला अभिक्रियाशील गट असतो: क्लोरोट्रायझिन किंवा व्हिनिल सल्फोन. अल्कली, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचं रसायन, मिळाली की सेल्युलोजच्या हायड्रॉक्सिलमधला हायड्रोजन निघतो, ऋण प्रभाराचा ऑक्सिजन उघडा पडतो आणि तो रंगाच्या त्या टोकाशी बंध करतो. त्यानंतर रंग आणि धागा हा एकच रेणू म्हणायचा.

तिसरी तऱ्हा व्हॅट आणि नॅप्थॉल रंगांची. त्यांचा धाग्याशी सांगण्यासारखा बंधच नसतो. त्यांच्याकडे पुढे येऊ.

आता रिअ‍ॅक्टिव्ह रंगाईचा प्रत्यक्ष हिशेब बघा. दहा किलो सुताच्या लडी, २ टक्के शेड, म्हणजे सुताच्या वजनाच्या २ टक्के रंग, २०० ग्रॅम. सुताच्या दहापट पाणी धरलं तर १०० लिटर. लिटरला ५० ग्रॅमप्रमाणे मीठ ५ किलो, लिटरला १५ ग्रॅमप्रमाणे सोडा अ‍ॅश (धुण्याचा सोडा, खाण्याचा नव्हे) दीड किलो. गडद शेडला मीठ लिटरमागे ७०-८० ग्रॅमवर जातं. आधी रंग आणि मीठ घालून ६० अंशांवर (व्हिनिल सल्फोन गटासाठी, गरम गटाच्या मोनोक्लोरोट्रायझिनला ८० लागतात) लडी अर्धा तास फिरवायच्या. मग सोडा, एकदम नाही, दोन-तीन हप्त्यांत. पीएच साडेदहा ते अकराला पोचला की पुढचे ४५ ते ६० मिनिटं खरा बंध होतो.

पहिल्या अर्ध्या तासात मीठ काय करतं? पाण्यात पडलेल्या कापसाच्या पृष्ठभागावर किंचित ऋण प्रभार येतो. रंगाच्या रेणूवर सल्फोनेट गट असतात, तेही ऋण. दोघं एकमेकांना दूर ढकलतात आणि रंग पाण्यातच राहायला बघतो. मिठातले सोडियम आयन मध्ये येऊन हे ढकलणं बोथट करतात, रंग पाण्यातून निघून धाग्यात जमा होतो. एवढंच. मिठाने रंग धाग्याजवळ आणला, बंध सोड्याने घडवला. याच टप्प्यावर लडी काढून साध्या पाण्यात धुतली तर बहुतेक रंग नालीत जाईल.

सोडा पडल्यावरही सगळा रंग धाग्याशी जुळत नाही, कारण हांड्यात पाणी भरपूर असतं आणि त्यालाही तोच अभिक्रियाशील गट मिळतो. काही रेणू सेल्युलोजऐवजी पाण्याशीच बंध करून मोकळे होतात. याला जलापघटन म्हणतात. एकच अभिक्रियाशील गट असलेल्या रंगात ७० टक्के जुळणी झाली तर ती ठीक मानतात. म्हणजे आपल्या २०० ग्रॅमपैकी १४० ग्रॅम पक्के आणि ६० ग्रॅम काही हांड्याच्या पाण्यात, बाकी धाग्यात नुसते अडकून पडलेले. या ६० ग्रॅमचं अभिक्रियाशील टोक खर्ची पडलेलं असतं. ट्रायझिनवरच्या क्लोरीनच्या जागी हायड्रॉक्सिल बसलेला असतो, व्हिनिल सल्फोनचा दुहेरी बंध पाण्याने भरून गेलेला असतो. नवी चादर धुताना जो रंग निघतो तो हा.

मेसेजची बादली इथेच रिकामी निघते. त्या उरलेल्या रेणूकडे बंध करायला टोकच राहिलेलं नाही. त्याच्यावर मीठ घाला, सोडा घाला, रात्रभर काय आठवडाभर ठेवा, सहसंयुज बंध होणार नाही. त्याला एकच इलाज: धुऊन काढणं. तो चादर घरी येण्याआधी डाइंगमध्ये व्हायला हवा होता.

तिथे तो कसा होतो आणि कुठे चुकतो हेही सांगायला हवं, कारण ग्राहकाला मिठाच्या नादी लावणारं मूळ दुखणं हेच आहे. बंध झाल्यावर आधी थंड आणि कोमट पाण्याने मीठ आणि अल्कली काढायची, मग अ‍ॅसिटिक आम्लाने लडी उदासीन करायची, मग ९० ते ९५ अंशांवर लिटरला एक-दोन ग्रॅम सोपिंग एजंट घालून १०-१५ मिनिटं उकळ. गडद मरून, काळा, नेव्ही असेल तर उकळ दोनदा. क्रम महत्त्वाचा. मीठ नीट काढण्याआधीच उकळ दिली तर तेच सोडियम आयन सुट्या रंगाला धाग्याला धरून ठेवतात आणि सोपिंग वाया जातं. पाणी आणि वाफ वाचवायची म्हणून एक धुणं गाळलं, उकळीऐवजी ७० अंशांवर भागवलं, किंवा बोअरचं कठीण पाणी तसंच वापरलं की शेड वरकरणी गडद आणि देखणी दिसते. बिंग ग्राहकाच्या बादलीत फुटतं. कठीण पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दुहेरी प्रभाराचे असल्याने मिठाचंच काम आणखी जोरात करतात. सोडा एकदम ओतला तर वेगळंच बिघडतं: वरच्या थराशी बंध झपाट्याने होतो, लडीत डाग पडतात आणि ते काही केल्या जात नाहीत, कारण तो बंध खरा असतो.

दावा: पाणी स्वच्छ दिसलं की रंग लॉक झाला

यावर वाद घालत बसण्यापेक्षा करून बघा. चादरीच्या टोकाला सुटलेले गडद रंगाचे बोटभर लांबीचे वीसेक धागे घ्या, दोन सारखे भाग करा. दोन काचेच्या ग्लासांत २००-२०० मिलिलिटर साधं पाणी, शक्यतो आरओचं. दुसऱ्या ग्लासात दोन चमचे, म्हणजे १०-१२ ग्रॅम मीठ विरघळवा. धागे टाका, अर्धा तास ठेवा, मागे पांढरा कागद धरून बघा. रंग सुटणारी चादर असेल तर साध्या पाण्याच्या ग्लासात झाक जास्त दिसेल, मिठाच्या ग्लासात कमी.

मेसेज इथेच थांबतो. तुम्ही एक पाऊल पुढे जा. मिठाच्या ग्लासातले धागे काढून ताज्या साध्या पाण्यात टाका. जो रंग ‘लॉक’ झाला होता तो आता यायला लागतो. गरम पाणी घेतलंत तर आणखी लवकर. बंध झाला असता तर पाणी बदलल्याने तो सुटला नसता.

म्हणजे मेसेजची परीक्षाच अशी आहे की नापास चादरही पास होते. नुकसान एवढ्यावर थांबत नाही. मिठाच्या पाण्यात सुट्या रंगाला कापूस जास्त प्रिय होतो, आणि कापूस म्हटलं की त्यात पांढरा पट्टाही आला. सोलापुरी चादरीत सूत आधी रंगतं आणि मग जॅकार्डवर विणलं जातं, त्यामुळे मरूनच्या शेजारी पांढरं, निळ्याच्या शेजारी पिवळं, असे धागे अगदी खेटून असतात. रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवलेल्या चादरीत मरूनचा सुटा रंग थेट त्या पांढऱ्यावर जाऊन बसतो. सकाळी पाणी स्वच्छ आणि पांढऱ्या नक्षीवर गुलाबी झाक. मग लोक दुकानदाराशी भांडतात.

दावा: व्हिनेगर आणि सोडा घातल्यावर फेस येतो, रंग मुरतो

फेस रंगामुळे येत नाही. व्हिनेगरमधलं अ‍ॅसिटिक आम्ल आणि खाण्याचा सोडा एकमेकांशी अभिक्रिया करतात, सोडियम अ‍ॅसिटेट, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतो. चादर नसली तरी तेवढाच फेस येईल. ५ टक्के व्हिनेगरच्या १०० मिलिलिटरमध्ये ५ ग्रॅम आम्ल असतं, त्याला साधारण ७ ग्रॅम सोडा पुरतो. म्हणजे अर्ध्या वाटीत दीड चमचा सोडा टाकला की दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात आणि बादलीत उरतं ते जवळपास उदासीन, किंचित खारट पाणी.

व्हिनेगरचा सल्ला हवेतून आलेला नाही, तो चुकीच्या कापडावर आलाय. रेशीम आणि लोकर ही प्रथिनं. त्यांच्यात अमिनो गट असतात, आम्लात ते हायड्रोजन आयन घेऊन धन प्रभाराचे होतात आणि अ‍ॅसिड रंगाच्या ऋण सल्फोनेटला धरतात. हा अस्सल आयनिक बंध, आणि इथे व्हिनेगर खरोखर कामाचं. सेल्युलोजमध्ये अमिनो गट नाहीत. कापसाच्या चादरीला व्हिनेगर लावून धन प्रभार आणणार कुठून? शिवाय ट्रायझिन गटाच्या रंगाचा धाग्याशी झालेला बंध दीर्घकाळ आम्लात राहिला तर उलट सुटू शकतो. एका भिजवण्याने आभाळ कोसळणार नाही, पण फायदा शून्य.

दावा: तुरटीने जुन्या रंगाऱ्यांसारखा पक्का रंग होतो

जुने रंगारी तुरटी वापरत, हे खरं. पण रंगाच्या आधी. कापूस आधी हिरड्याच्या काढ्यात, मग तुरटीत, आणि शेवटी मंजिष्ठेच्या उकळत्या पाण्यात. हिरड्यातलं टॅनिन सेल्युलोजला धरतं, तुरटीतला तीन प्रभारांचा अ‍ॅल्युमिनियम आयन टॅनिनला धरतो, आणि मंजिष्ठेच्या लाल रंगद्रव्यातले शेजारशेजारचे ऑक्सिजन आपले इलेक्ट्रॉन देऊन त्या अ‍ॅल्युमिनियमला बांधतात. हा समन्वय बंध. त्यातून तयार होणारं संयुग पाण्यात न विरघळणारं असतं, म्हणून रंग टिकतो. यासाठी रंगाच्या रेणूत असे ऑक्सिजन योग्य जागी असावे लागतात. आजच्या चादरीतल्या बहुतेक रिअ‍ॅक्टिव्ह आणि डायरेक्ट रंगांत ते तसे नसतात.

मग तुरटीच्या बादलीत पाणी स्वच्छ का दिसतं? गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की गाळ का बसतो, तेच कारण. अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा लगदा होतो आणि सुटा रंग त्यात अडकून खाली बसतो. खाली म्हणजे तुमच्या चादरीवर. वाळल्यावर तो घासून उशीच्या अभ्र्याला लागतो.

शिवाय तुरटीचं पाणी आम्लधर्मी असतं. ती न धुता चादर सोलापूरच्या मे महिन्याच्या उन्हात टाकली तर पाणी उडतं, आम्ल धाग्यात दाट होत जातं आणि सेल्युलोजच्या दोन कड्यांमधला ऑक्सिजनचा पूल तुटायला लागतो. रंग राहतो बाजूला, चादरच कमकुवत होते.

दावा: रंग गेला म्हणजे चादर नकली, केमिकल रंगाची, नैसर्गिक रंग जात नाही

हळद नैसर्गिकच आहे. पिवळ्या हाताचा ठसा पांढऱ्या कापडावर पडला तर उन्हात किती दिवस टिकतो ते सगळ्यांनी पाहिलंय. वर साबण लागला की तो लाल होतो, कारण अल्कलीत कुरकुमिनचे फिनॉल गट हायड्रोजन सोडतात आणि रेणूचा रंगच बदलतो. पंढरपूरचं हळद-चुन्याचं कुंकू याच अभिक्रियेवर होतं. उलट बाजूला नीळ: झाडाची नीळ आणि १८९७ पासून कारखान्यात तयार होऊन विकली जाणारी नीळ, दोन्हींचा रेणू एकच. एक टिकाऊ आणि दुसरी कच्ची असं म्हणायला जागाच नाही. रंग पक्का की कच्चा हे तो झाडातून आला की पिंपातून, यावर ठरत नाही. तो धाग्यात कशाने धरला गेलाय, त्यावर ठरतं.

आणि कशानेही धरलेला नसूनही पक्का असू शकतो. व्हॅट रंग बघा. मूळ रंग पाण्यात अजिबात विरघळत नाही, म्हणून कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साइड) आणि हायड्रो (सोडियम हायड्रोसल्फाइट) घालून ५०-६० अंशांवर त्याचं क्षपण करतात. रेणूतले कार्बन-ऑक्सिजनचे दुहेरी बंध एकेरी होतात, ऑक्सिजनवर ऋण प्रभार येतो आणि रंग विरघळून धाग्यात शिरतो. निळीची लडी हांड्यात पिवळट हिरवी दिसते. बाहेर काढून हवेत धरली की मिनिटा-दोन मिनिटांत हिरवी, मग निळी होत जाते: हवेतल्या ऑक्सिजनने दुहेरी बंध परत आले आणि न विरघळणारा रंग आत अडकला. साबणाने तो विरघळत नाही, म्हणून जात नाही. १९०१ मधल्या इंडॅन्थ्रोनपासून सुरू झालेली व्हॅट रंगांची नवी पिढी आजही धुण्याला आणि उन्हाला सगळ्यात टिकाऊ गणली जाते. फक्त, हायड्रो कमी पडला किंवा हवेने आधीच खाल्ला तर रंग धाग्यात न शिरता वरच बसतो आणि घासल्यावर निघतो.

नॅप्थॉलचंही तसंच, पण रंग धाग्यावरच तयार होतो. आधी नॅप्थॉल मुरवायचा, मग बर्फाने थंड ठेवलेल्या डायझो द्रावणातून लडी काढायची. दोघांच्या जोडणीतून नायट्रोजन-नायट्रोजन दुहेरी बंध असलेला लाल किंवा मरून अ‍ॅझो रंग होतो. डायझो संयुग नाजूक असतं, गरम झालं की नायट्रोजन वायू सोडून मरतं, म्हणून हा बर्फाचा खटाटोप. रंग धुण्याला चांगला, पण वरवर साठलेले कण उकळीने काढले नाहीत तर कोरड्या हातालाही लाल लागतो. काही अ‍ॅझो रंगांतला हा दुहेरी बंध तुटून कर्करोगकारक अमाइन सुटतात. भारतात १९९७ मध्ये अशा ७० रंगांवर बंदी आली. सरसकट सगळे अ‍ॅझो रंग त्यात नाहीत, हेही लक्षात ठेवावं.

रंगारी लोक धाग्यावरचा रंग कुठल्या घराण्याचा हे याच बंधांवरून ओळखतात. धागा कॉस्टिक-हायड्रोच्या गरम पाण्यात टाकायचा. रंग गेला आणि हवेत परत आलाच नाही, तर बहुधा अ‍ॅझो: नायट्रोजनचा दुहेरी बंध मोडला, दोन तुकडे झाले. रंग बदलला आणि हवेत परत आला, तर व्हॅट. (कॉस्टिक कातडी जाळतं, घरी हा उद्योग नको.)

तेव्हा पहिल्या एक-दोन धुण्यांत गडद चादरीचा थोडा रंग निघणं यावरून असली-नकली ठरत नाही. चौथ्या-पाचव्या धुण्यातही पाणी तितकंच रंगत असेल तर मात्र सोपिंग गाळलंय किंवा रंग डायरेक्ट आहे. असलीपणाची चौकशी करायची तर ती सुताची आणि विणीची करा. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, आणि तिच्या नावावर बाहेरची पॉलिस्टर मिश्रणाची चादर विकली जाते. गंमत म्हणजे त्या पॉलिस्टरचा रंग जवळजवळ जातच नाही. मेसेजच्या कसोटीत तीच ‘असली’ ठरेल.

मग नवी चादर धुवायची कशी

आधी पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा ओला करून गडद भागावर दहा वेळा दाबून घासा. नंतर दुसरा ओला तुकडा त्याच भागावर ठेवून वरून गरम इस्त्री दहा सेकंद धरा. दोन्ही तुकडे जवळपास पांढरे राहिले तर काही विशेष करायची गरज नाही, नेहमीसारखी धुवा.

तुकड्याला रंग लागला तर चादर एकटीच धुवा. दीड किलोच्या चादरीला निदान २० लिटर पाणी हवं. कमी पाण्यात सुटलेला रंग परत तिच्यावरच बसतो. मीठ न घालता साध्या थंड पाण्यातून दोनदा खळबळून काढा. मग उकळतं पाणी आणि नळाचं पाणी निम्मं निम्मं मिसळा, ते ६० अंशांच्या आसपास येतं. त्यात ४० ग्रॅम सौम्य डिटर्जंट, ब्लीच नसलेलं. पंधरा मिनिटं, आणि हा सगळा वेळ काठीने हलवत राहायचं. स्वस्थ पडलेल्या चादरीत गडद भागाचा रंग शेजारच्या फिक्या भागात सरकतो. पाणी गरम असतानाच काढा आणि लगेच कोमट, मग थंड पाण्यातून खळबळा. पाणी बोअरचं असेल तर निदान या पहिल्या धुण्याला नळाचं वापरा. दुसऱ्या, फार तर तिसऱ्या खेपेला पाणी निवळलं पाहिजे.

तिसऱ्या गरम धुण्यालाही पाणी पहिल्याइतकंच रंगलं, तर थांबा. तो बहुधा डायरेक्ट रंग आहे, गरम पाण्याने चादर फिकी होत जाईल. इथे घरच्या घरी करण्यासारखा एकच खरा उपाय आहे, आणि योगायोगाने तो आयनिक बंधाचाच आहे: रंगाच्या सामानाच्या दुकानात मिळणारा कॅटायनिक डाय फिक्सर. त्याचे मोठे, अनेक धन प्रभारांचे रेणू रंगाच्या सल्फोनेटला धरतात आणि जे संयुग होतं ते पाण्यात सहज विरघळत नाही. मिठाच्या सुट्या सोडियमला ते जमत नाही. दीड किलो चादरीला १५ ते ३० ग्रॅम, ४० अंशांचं २० लिटर पाणी, वीस मिनिटं हलवत. डिटर्जंटचा अंशही आधी निघालेला असावा, नाहीतर डिटर्जंटचे ऋण रेणूच फिक्सर खाऊन टाकतात. सुटा रंग थंड पाण्याने जमेल तेवढा काढल्यावरच हे करायचं, नाहीतर तो वरच चिकटून घासल्यावर निघेल. शेड किंचित बदलते, काही रंगांचा उन्हातला टिकाऊपणा कमी होतो, म्हणून आधी कोपऱ्यावर करून बघा. पुढची धुणी थंड पाण्यात, वाळवणं सावलीत, आणि ओली असताना घडी घालून ठेवायची नाही.